लिलावघराच्या दारावरची पाटी

१२ सप्टेंबर, गुरुवार

माझ्या बायकोच्या, वेर्नाच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली आहेत. ती रोज दिसलेले पक्षी लिहायची. तारीख, वारा कुठून, पक्षी. शेवटची नोंद जुलैतली आहे, अक्षर घसरलेलं. 'खिडकीतून. एक सुतारपक्षी.' ऑगस्टमध्ये ती गेली. कोरी पानं टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही. जे दिसेल ते लिहीन.

आज गुरांचा लिलाव होता. गुरं रिंगणात जाण्याआधी माझ्या वजनकाट्यावर येतात. आठ-दहा वासरं एकदम आत घेतली की लोखंडी फळी थरथरते, शिंगं कठड्यावर आपटतात, आकडा वरखाली नाचत राहतो. मग एक क्षण असा येतो की सगळी जनावरं एकाच वेळी स्तब्ध होतात. कोणी सांगत नाही. तेवढ्यात वजन टिपायचं. इतकी वर्षं काट्यावर बसलो, पण तो क्षण कुठून येतो हे मला अजून उमगलेलं नाही. प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. वेर्ना म्हणायची, कोणीतरी आपल्याला तोलतंय हे त्यांना कळत असणार.

लिलाव संपल्यावर कॅफेत गेलो. आमच्या लिलावघराला लागूनच आहे तो, इमोजीन चालवते. तिच्या नातीसाठी वेर्नाची दुर्बीण घेऊन गेलो होतो.

इमोजीन म्हणाली, "अरे, मग या वर्षी क्रौंच कसे बघशील?"

"मोठे असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसतात."

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी उत्तरेकडून क्रौंच येतात आणि मिठाच्या मैदानावर उतरतात. वेर्ना आणि मी पहिल्याच सकाळी जायचो, एकही वर्ष चुकवलं नाही. शेजारी हॉइट बसला होता. तो आमच्याकडे लिलाव पुकारतो. मी त्याला म्हटलं, "क्रौंच तेवढे बघायचे राहिलेत. ते झालं की माझं आटपलं." मग त्याच्याकडे बंदुकीचं तेल मागितलं. वडिलांचं रिव्हॉल्व्हर बरेच दिवस साफ केलेलं नाही.

"कशाला रे आत्ता?" हॉइट म्हणाला.

"स्वच्छ असलेलं बरं."

त्याने तेल दिलं नाही. संपलंय म्हणाला. हॉइटकडे बंदुकीचं तेल संपलं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज एक विलक्षण गोष्ट पाहिली. सकाळी लिलावघराच्या दारावर पाटी होती. 'आत शस्त्र आणू नये. हुकुमावरून, मालक.' मालक म्हणजे लव्हॉन. लहान असताना तिचा बाप दर वाढदिवसाला तिला माझ्या काट्यावर उभी करायचा. गुरांचा काटा तो, पाच-पाच पौंडांनीच पुढे सरकतो. दोन वर्षं ती तेवढीच भरली तेव्हा रडली होती. आता बाप गेला आणि ती कारभार बघते.

आमच्या भागात कमरेला पिस्तूल असणं म्हणजे डोक्यावर टोपी असण्यासारखं. हॉइट तर अंघोळीपुरतंच काढत असेल. त्याने दारातच आवाज चढवला. त्याचा आवाज म्हणजे पार मागच्या आवारातली गुरं माना वर करतात.

"लव्हॉन, तुझ्या बापाने ही पाटी पाहिली असती तर थडग्यातून उठून आला असता."

"येऊ दे. त्याचंही दारात काढून घेईन."

"या राज्यात पिस्तूल बाळगायचा मला हक्क आहे. कायद्याने."

"रस्त्यावर आहे. माझ्या छताखाली कोणी काय आणायचं ते मी ठरवायचं. तोही कायदाच. आणि तू माझा पगार खातोस, हॉइट."

"तो पगार आहे होय? मला वाटलं भीक घालतेस." लोक हसले. "बरं, माझ्या गाडीत ठेवलं तर? तेही तुझ्या आवारात उभी असते."

लव्हॉन म्हणाली, "आवार माझं असलं तरी कुलूप लावलेली गाडी ज्याची त्याची. तिथे काय आहे हे मालकाने विचारायचंसुद्धा नाही. तिथे माझा इलाज नाही." बोलणं हॉइटशी चाललं होतं, पण ती बघत होती माझ्याकडे.

मी म्हणालो, "माझं तर गाडीतच असतं. खणात. आत मी कधीच आणत नाही."

"माहीत आहे, ऑरिनकाका," ती म्हणाली.

मला वाटलं आता तासभर जुंपणार. पण हॉइटने पिस्तूल काढलं, गाडीत ठेवून आला आणि मुकाट्याने पुकारायच्या जागी चढला. त्याच्या मागोमाग एकेक जण. हे सगळे गुरं पाळणारे, हट्टी लोक. शेजाऱ्याने कुंपण बोटभर सरकवलं तर वर्षभर बोलत नाहीत. ते रांगेने आपापल्या गाड्यांपर्यंत गेले, दारं उघडली, दारं मिटली, आणि रिकाम्या कमरेने परत आले. मी काट्यापाशी उभा राहून बघत होतो. काट्यावरची गुरं स्तब्ध होतात तेव्हा वाटतं तसं वाटलं.

टेक्सासहून आलेला एक व्यापारी मात्र अडला. "मी हे काढत नसतो. आमच्याकडे असलं चालत नाही," म्हणाला. हॉइट खाली उतरला, त्याला बाजूला नेऊन काहीतरी बोलला. त्या माणसाने वळून आमच्या काट्याकडे पाहिलं, हॅट काढली, आणि गाडीकडे गेला. हॉइट त्याला काय म्हणाला कळलं नाही. हॉइट बोलायला लागला की माणूस थकूनच कबूल होतो.

पण लव्हॉनचं मला पटलं नाही. आमच्या इथे आजवर काही वावगं घडलेलं नाही. ज्या माणसांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्यावर हा अविश्वास कशासाठी?

२६ सप्टेंबर, गुरुवार

ट्रकमधून उतरताना एका म्हाताऱ्या गाईचा पाय मोडला. अशा वेळी रिव्हॉल्व्हर आणून तिला सोडवायचं काम माझं. माझा हात हलत नाही म्हणून थोरल्या मालकांनीच ते मला लावून दिलं होतं. मी गाडीकडे निघालो तर लव्हॉन आडवी आली.

"नको, काका. डॉक्टरला बोलावलंय, तो सुई देईल."

"त्याला यायला वेळ लागेल. तिला उगाच त्रास."

"गाडीबाहेर ते माझ्या जागेत येणार नाही. नियम म्हणजे नियम."

जनावर तडफडत असताना नियम सांगायचा? तिच्या बापाने असं केलं नसतं. मला राग आला होता, पण लोकांसमोर काय बोलणार. मी गाईच्या डोक्याशी बसून राहिलो. तिच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं. सबंध आभाळ, ढगांसकट, एवढ्याशा डोळ्यात. मी वाकून पाहिलं तर त्यात मीही होतो. हॉइट येऊन शेजारी मातीत बसला. डॉक्टर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. हॉइट गप्प बसलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

वेर्नाच्या रकान्यासाठी: दोन ससाणे, उंच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉइटची पिकअप बिघडली. गिअर पडत नाहीत म्हणे. काल सकाळी माझ्या दारात उभा. "काही दिवस तुझ्याबरोबर येईन जाईन. पेट्रोलच्या बदल्यात माझं बोलणं ऐक."

"त्यापेक्षा मीच तुला पेट्रोल देतो," मी म्हटलं.

आज येताना रस्त्याच्या कडेची झाडांची रांग तांबडी दिसली. पानं अजून हिरवीच असायला हवी होती, म्हणून गाडी थांबवली. पानं नव्हती ती. फुलपाखरं होती, काळ्या-तांबड्या पंखांची, दक्षिणेला निघालेली. फांदी न फांदी भरलेली. उन्हाची तिरीप आली तसे सगळ्यांनी पंख उघडले आणि झाड श्वास घेतल्यासारखं हललं. आम्ही दोघं टोप्या हातात घेऊन उभे होतो.

टोपी घालत हॉइट म्हणाला, "एवढीशी पाखरं मेक्सिकोला चाललीत. आणि माझी गाडी मला गावात आणत नाही."

परतताना त्याच्या घरी जेवल्याशिवाय त्याने सोडलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

हॉइटची गाडी बघून आलो. गिअर व्यवस्थित पडतात. बॅटरीची तार ढिली होती, ती आवळली, लगेच सुरू झाली. मी त्याला म्हटलं, "झालं तुझं काम." त्याचा चेहरा का पडला ते कळलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हॉइट पुन्हा माझ्या दारात. आता रेडिएटर फुटला म्हणतो. मी बघू का म्हटलं तर, "तू हात लावू नकोस बाबा, तुझा हात लागला की दुसरंच काही मोडतं."

कॅफेत इमोजीनने सांगितलं, तिच्या ब्यूकचा क्लच गेला, तर संध्याकाळी तिलाही सोडावं लागेल. तिच्या गाडीला क्लच नाही, आपोआप गिअर बदलणारी आहे ती. वय झालं की माणसाचा गोंधळ होतो.

पाटी लावून तीन आठवडे झाले. लोक अजूनही कुरकुर न करता गाड्यांपर्यंत जाऊन येतात. हॉइट कमरेचा पट्टा मात्र रोज बांधतो. पिस्तुलाचं रिकामं म्यान घेऊन लिलाव पुकारतो. मी विचारलं, "कशाला मिरवतोस?" तर म्हणाला, "पँट पडते."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

घर आवरतो आहे. वेर्नाचे कपडे चर्चला दिले. माझं चांगलं खोगीर हॉइटला द्यायचं म्हटलं तर त्याने घेतलं नाही. "वसंतात घेईन. तोवर तूच तेल लाव त्याला." घोडा नसलेल्या माणसाकडे खोगीर ठेवून काय उपयोग?

निवांतपणा असा मिळतच नाही. बाहेर पडावं तर हॉइट गाडीत. घरी यावं तर इमोजीन माझ्या ओट्यावर बसून अक्रोडासारखे पीकन सोलते आहे. तिच्या घरी सावली नाही म्हणे. थंड होत चाललेल्या ऑक्टोबरात सावली कोणाला हवी? पण तिने भट्टीत भाजलेला पीचचा गोड कोबलर आणला होता. ऑगस्टनंतर आज पहिल्यांदा कशाची तरी चव लागली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आता लव्हॉनचीही गाडी बिघडली. या गावात कोणाला यंत्राची किंमतच नाही. आज माझ्या पिकअपमध्ये पुढच्या बाकावर चौघं दाटीवाटीने बसलो. लव्हॉन अगदी खणासमोर. तिचे गुडघे खणाच्या दाराला लागत होते. ती सगळा वेळ तिकडे बघत होती, पण हात लावला नाही.

उतरताना म्हणाली, "काका, माझ्या बापाची पिस्तुलं हॉइटच्या लोखंडी कपाटात असतात. तुमचंही ठेवायचं असेल तर जागा आहे."

"माझं आहे तिथे बरं आहे."

"बरं," ती म्हणाली. दार लावलं. मग काचेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला आणखी काही म्हणायचं होतं बहुतेक. मालक झाली तरी ती अजून लहान आहे. मला वाटलं पाटीबद्दल खेद वाटत असेल.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वारा उत्तरेचा. दुपारी आवारात होतो. आधी आवाज आला. तो आवाज दरवर्षी ऐकला तरी ओळखीचा होत नाही. लाकडी चाक दूर आभाळात कुठेतरी गडगडत यावं तसा. वर पाहिलं तर काहीच नाही, नुसतं निळं. मग त्या निळ्यात बारीक रेघ दिसली, तिच्या मागे दुसरी, तिसरी, आणि आभाळभर रेघाच रेघा. क्रौंच आले. आवारातली गुरंही चरायची थांबली. कॅफेतून सगळे बाहेर आले होते. वर कोणी बघत होतं, कोणी माझ्याकडे.

हॉइटला म्हटलं, "उद्या मला जरा काम आहे. तुझं तू बघ." त्याने मान हलवली.

उद्या सकाळी जाईन. घर झाडलं. भांडी घासून पालथी घातली. किल्ली पायपुसण्याखाली ठेवतो आहे. वहीत याच्यापुढे काही नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

वहीत लिहितो आहे.

फटफटायच्या आधी निघालो. रस्त्यावर कोणी नव्हतं. मिठाचं मैदान दुरून बर्फासारखं दिसतं, त्याला कड नाही, शेवट नाही. तिथे गेलं की नेहमी वाटतं, जग करून झाल्यावर एवढीच जागा कोरी राहिली असावी. बांधापाशी गाड्या लावायची जागा आहे. तिथे वळलो, तर दिव्यांच्या उजेडात हॉइटची लाल पिकअप उभी. फुटलेल्या रेडिएटरची. तिच्या शेजारी इमोजीनची ब्यूक. पलीकडे लव्हॉनची. बिघडलेल्या सगळ्या गाड्या तिथे ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या काचांवर दव नव्हतं. नुकत्याच आल्या होत्या.

मी गाडीत बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. महिन्याभरातली एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली. पाटी. तेल संपलेलं. टेक्सासच्या माणसाने काढलेली हॅट. क्लच. मी माझ्या मनात काय ठरवलं होतं ते इथे लिहीत नाही. मला वाटत होतं ते माझ्या एकट्याजवळ आहे. आणि सगळ्या तालुक्याने त्यासाठी महिनाभर कमरा रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि मला कळू दिलं नव्हतं.

लव्हॉन माझ्या खिडकीशी आली. मी काच खाली केली.

"काका, आत येऊ का?"

"ये."

ती शेजारी बसली. समोर बघत बोलली. "माझ्या छताखाली मला हुकूम करता येतो. तो मी केला. तुम्हाला एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही राजीनामा दिला असता, म्हणून सगळ्यांनाच सांगितलं. आवारात तुमच्या गाडीपाशी माझा हुकूम संपला. तो कायदा बरोबरच आहे, मी मालक आहे म्हणून कोणाच्या गाडीत हात घालणं मलाही आवडणार नाही. आणि ही जागा तर माझी नाहीच. इथे माझी पाटी नाही. मला नुसतं मागता येतं."

"गाडी माझी आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"हो. तुम्ही नाही म्हणालात तर मी उतरेन आणि त्या दोघांबरोबर उभी राहीन. तुमची गाडी हलेपर्यंत."

बाहेर हॉइट आणि इमोजीन पाठ करून उभे होते, कॉफीचा थर्मास दोघांत. हॉइटच्या कमरेला रिकामं म्यान.

तेवढ्यात उजेड झाला. मैदानातल्या उथळ पाण्यात झोपलेले क्रौंच करड्या दगडांसारखे दिसत होते, मैदानाच्या टोकापर्यंत. एकाने मान वर केली. आवाज टिपेला गेला. आणि एक क्षण सगळं थांबलं. शपथेवर सांगतो, तोच तो क्षण, काट्यावरचा. मग जमीनच उठली. पंखांचा वारा काचेतून आत आला, गाडी हलली. आमच्या डोक्यावरून ते जात राहिले, जात राहिले, त्यांच्या पोटावर ऊन पडलं होतं. करड्या थव्यात एक जोडी पांढरीशुभ्र, काळ्या टोकांची, फार दुर्मीळ असते ती. वेर्नाला जन्मभर दिसली नव्हती. लव्हॉनने माझी बाही घट्ट धरली होती, काट्यावर उभी असताना धरायची तशी.

आभाळ रिकामं झाल्यावर मी गाडी बंद केली आणि किल्ली तिच्या हातात दिली. खणाची आणि गाडीची, दोन्ही एकाच कडीत आहेत.

ती किल्ली घेऊन हॉइटकडे गेली. त्याने माझी पिकअप गावात नेली. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "कपाटात राहील. तुझं आहे, कधीही माग, मी नाही म्हणणार नाही. पण मागायला येशील तेव्हा आधी जेवायचं." मी इमोजीनच्या ब्यूकमधून आलो.

"गाडी छान चालते," मी म्हटलं.

"क्लच नवा बसवलाय," ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली. गाडी रस्त्याच्या कडेला जायला लागली तेव्हा मी स्टिअरिंग धरलं.

वेर्नाच्या रकान्यात: वारा उत्तरेचा. क्रौंच. मोजले नाहीत. दोन पांढरे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

लिलाव. थंडी पडली. सकाळी लवकर गेलो, एकटा, माझ्या गाडीने. हॉइटची गाडी आपोआप बरी झाली आहे.

काट्यापाशी उभा राहून बघितलं. माणसं येतात, पाटीपाशी थांबतात, गाड्यांपर्यंत जातात, दारं मिटल्याचे आवाज येतात, परत येतात. त्यातल्या कित्येकांशी मी आयुष्यात दहा वाक्यंही बोललेलो नाही. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. न बघण्याची त्यांची खटपट आता मला दिसत होती.

मधल्या वेळात लव्हॉनकडे गेलो. म्हटलं, "लोकांना उगाच हेलपाटे पडतात. हक्क आहे त्यांचा. माझ्यासाठी किती दिवस सोडायचा त्यांनी?"

"तुम्ही सांगाल तेव्हा पाटी काढते, काका. आत्ता काढू? पेचकस आहे माझ्याकडे."

तिने खरंच टेबलाचा खण उघडला. मी दारातून त्या पाटीकडे पाहिलं. चार स्क्रू आहेत. हॉइट रिंगणातून ओरडत होता की वजनकाट्यावरचा म्हातारा झोपला की काय, वासरं वाट बघताहेत.

"राहू दे अजून," मी म्हणालो.

"कुठवर?"

"क्रौंच परत जाईपर्यंत. वसंतात जातात ते. मग बघू."

तिने खण मिटला. मी काट्यावर गेलो.